सातारा-सांगलीहून शेफिल्डला: बॉक्सर मुलींसाठी पहिल्या तीन महिन्यांची तयारी

सातारा, कराड, सांगली, मिरज, तासगाव इथून शिकायला इंग्लंडला निघालेल्या आणि बॅगेत ग्लोव्ह्ज टाकलेल्या मुलींसाठी हा लेख आहे. उदाहरणाला शेफिल्ड घेतलंय. ब्रिटनचा राष्ट्रीय बॉक्सिंग संघ याच शहरात सराव करतो, आजूबाजूला जुने क्लब आहेत, राहायचा खर्च लंडनपेक्षा बराच कमी आहे आणि शहर टेकड्यांवर वसलेलं असल्यामुळे साताऱ्याच्या पायांना रस्ते ओळखीचे वाटतात. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर पळणाऱ्या मुलींना मात्र पहिले काही दिवस पोटऱ्या भरून येतील. लीड्स, मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमला जाणार असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत लढत खेळायची घाई करू नका. परदेशात सराव सुटतो तो समोरच्या मुलीच्या ठोशामुळे नाही. थंडीत दुखावलेला हात, चार वाजता पडणारा अंधार, न सुकलेले ग्लोव्ह्ज, अर्धवट जेवण आणि बोलायला कोणी नसणं, या गोष्टींनी तो सुटतो. या प्रत्येकाची तयारी आधीपासून करता येते.

निघण्याआधी

पहिली गोष्ट व्हिसाची, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा कोच म्हणून काम करता येत नाही. हौस म्हणून क्लबमध्ये सराव करणं, विद्यापीठाकडून हौशी स्पर्धा खेळणं याला अडचण नाही. पैसे घेऊन लढणं बंद. मुलांना शिकवण्याबाबतही जपून राहा. कोणी सहज म्हटलं, "शनिवारी लहान पोरांचा वर्ग घेशील का? वरखर्चाला पैसे देऊ," तर हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर भारतातून अर्ज करताना मान्यताप्राप्त क्लिनिकमधून क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते सहा महिनेच चालतं, त्यामुळे फार आधी काढू नका. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभारही भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी 2024 पासून तो वर्षाला 776 पौंड आहे. त्यात तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते, पण दातांचे उपचार फुकट होत नाहीत. म्हणून दातांचं सगळं काम इथेच उरकून घ्या. किडलेली दाढ, हलणारं फिलिंग, अर्धवट आलेली अक्कलदाढ, काहीच मागे ठेवू नका. त्याच दंतवैद्याकडून दाताचं माप देऊन माउथगार्ड बनवून घ्या, एक नाही, दोन. गरम पाण्यात बुडवून चावायचा तयार गार्ड चालतो, पण तो सैल बसला की मुली तोंड किंचित उघडं ठेवून खेळतात, आणि उघड्या जबड्यावर बसलेला ठोसा जास्त इजा करतो. चांगला गार्ड तोंड उघडलं तरी वरच्या दातांना धरून राहतो. हीच त्याची परीक्षा.

डोळे तपासून नंबरचा कागद जवळ ठेवा, कारण लढतीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत नजर पाहिली जाते. तुमच्या आजवरच्या लढतींचं रेकॉर्ड बुक असेल तर तेही न्या. नसेल तर तारीख, ठिकाण, वजनगट आणि निकाल एका कागदावर लिहून कोचची सही घ्या. शालेय आणि जिल्हा पातळीच्या लढतीही त्यात आल्या पाहिजेत. इंग्लंडमध्ये जोडी अनुभव पाहून लावतात. "मी नवखी आहे" असं सांगून आठ लढती झाकल्या, तर समोर खरंच पहिल्यांदा रिंगमध्ये आलेली मुलगी उभी राहते. तो तिच्यावर अन्याय आहे.

आता बॅग. 16 औंसाचा एक ग्लोव्ह साधारण 450 ग्रॅमचा, म्हणजे जोडी पाऊण-एक किलोत जाते. आतल्या पोकळीत मोजे आणि बँडेज कोंबा, म्हणजे जागा वाया जात नाही. सरावाच्या टांगलेल्या बॅगवर मारायला 12 औंसाची आणि स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीला) 14 किंवा 16 औंसाची अशा दोन जोड्या लागतात. 14 की 16 हे तिथला कोच ठरवतो, म्हणून इथून 12 ची जोडी न्या आणि दुसरी तिथे घ्या. हेडगार्डही तिथेच, डोक्यावर घालून पाहून घ्या. बूट मात्र इथलेच, पायाला बसलेले न्या. बँडेज साडेचार मीटरचे, किमान चार जोड. स्पोर्ट्स ब्रा चार-पाच तरी हव्यात. तिथे दोन दिवस कपडे सुकत नाहीत, आणि ओलसर ब्रा घालून खेळलं की काखेत आणि छातीखाली पुरळ उठतं. टेप कापायची कात्री चेक-इन बॅगेत टाका.

खाण्याच्या बाबतीत एक नियम पक्का लक्षात ठेवा. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप इथेच राहू द्या, विमानतळावर काढून घेतील. ताजी फळं, भाज्या आणि ताजा कढीपत्ताही नको. सांगलीचं भडंग, तासगावचे बेदाणे, हळद, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे खुशाल न्या. बेदाणे तर सरावाआधी मूठभर खायला उत्तम.

आणि नाक टोचायचं असेल तर जाण्याच्या तोंडावर टोचू नका. रिंगमध्ये चमकी, कानातले, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढावं लागतं. ताजं टोचलेलं नाक रोज काढ-घाल केल्याने चिघळतं, आणि न काढता स्पारिंग केलं तर त्याहून वाईट.

क्लब कसा निवडायचा

इंग्लंडमध्ये हौशी बॉक्सिंगचा कारभार इंग्लंड बॉक्सिंग ही संघटना पाहते. तिच्याशी संलग्न असलेलाच क्लब निवडा. विद्यापीठाचा बॉक्सिंग क्लब असेल तर सुरुवातीला तोच सोपा पडतो. तिथे तुमच्यासारख्याच नव्या मुली असतात, आणि विद्यापीठांची स्वतःची वार्षिक स्पर्धाही असते. शहरातल्या जुन्या क्लबमध्ये कोचचा अनुभव मोठा असतो, पण वेळ ठरलेली, संध्याकाळची.

पहिल्या भेटीत नुसतं पाहायला जा. एक पूर्ण सत्र बाकावर बसून बघा. किती मुली आहेत, नवख्या मुलीला पहिल्या दिवशी काय करायला देतात, स्पारिंग चालू असताना कोच रिंगकडे बघतो की फोनकडे, मार जोरात बसायला लागला की कोणी थांबवतं का. मग विचारा: स्पारिंग किती आठवड्यांनी सुरू करता? मुलींसाठी वेगळी चेंजिंग रूम आहे का? क्लबचा वेल्फेअर ऑफिसर कोण? संलग्न क्लबमध्ये हे पद असतंच. त्याचं किंवा तिचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. कोणी नको तसं बोललं, पॅड (ठोसे झेलायची हातातली गादी) धरताना नको तिथे हात लावला, तर तक्रार कुणाकडे करायची हे तेव्हा शोधत बसायला नको.

एका सापळ्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. आठ-दहा आठवडे फुकट सराव देऊन नंतर मोठ्या हॉलमध्ये, तिकीट लावून नवख्यांच्या लढती घडवणारे कार्यक्रम तिकडे बरेच होतात. पोस्टर झकास असतं, मैत्रिणी आग्रह करतात. पण अशा लढती संघटनेच्या नियमांबाहेर असतील तर वैद्यकीय तपासणी, जोडी लावणं, पंच, कशाचीच खात्री नसते. शिवाय नोंदणीकृत बॉक्सरने तिथे उतरणं तिच्या नोंदणीला बाधक ठरतं. नम्रपणे नाही म्हणा.

पहिले दोन आठवडे

इंग्लंडचं घड्याळ आपल्यामागे असतं: मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास, बाकी काळ साडेपाच तास. पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनला जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतात. नेमकी तीच क्लबची वेळ. या दिवसांत फक्त चालणं, दोरीउड्या 3 मिनिटांच्या चार फेऱ्या आणि शॅडो (एकटीने हवेत ठोसे मारायचा सराव). पाचव्या दिवसापासून हलकं पळणं, आठव्या दिवसापासून बॅग: 2 मिनिटांच्या सहा फेऱ्या, जोर निम्मा. पहिले दहा दिवस स्पारिंग नाही. झोप अर्धवट असताना डोळ्याला ठोसा दिसतो, पण डोकं हलत नाही.

थंडीत वॉर्म-अप दुप्पट करा. सांगलीत मे महिन्यात पाच मिनिटांत अंग मोकळं होतं, तिथे डिसेंबरमध्ये पंधरा मिनिटं लागतात. बरेच क्लब जुन्या गोदामात किंवा चर्चच्या हॉलमध्ये असतात, हीटर नसतो, रात्रभर गारठलेली बॅग नेहमीपेक्षा घट्ट लागते. पहिल्या दोन फेऱ्या तिच्यावर फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाका.

पळायला शेफिल्डमध्ये एंडक्लिफ पार्कपासून फोर्ज डॅमकडे जाणारा ओढ्याकाठचा रस्ता चांगला आहे. याच बागेत दर शनिवारी सकाळी 9 वाजता पार्करन होते, 5 किलोमीटर, मोफत, एकदाच ऑनलाइन नोंदणी करून बारकोड घ्यायचा. अनोळखी गावात पन्नास चेहरे ओळखीचे करून घ्यायला याच्यासारखा उपाय नाही. डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो, तेव्हा अंधारात पळताना चमकणारं जाकीट घाला आणि फुटपाथवरचा न दिसणारा बर्फ लक्षात ठेवा. शंका आली तर पळू नका, घरात दोरी मारा.

हात बांधणं

यावर जरा थांबतो. मुली ग्लोव्ह्जवर हजारो रुपये घालतात आणि बँडेज दोन मिनिटांत गुंडाळून मोकळ्या होतात. थंड हवेत हाताच्या दुखापती इथूनच सुरू होतात.

बोटं पूर्ण फाकवून हात समोर धरा. बँडेजचा फासा अंगठ्यात अडकवा आणि पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या. मनगटावर तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढलेला, सुरकुती न पडता. मग पट्टी तिरकी वर नेऊन बोटांच्या सांध्यांवर तीन वेढे. सांधे पूर्ण झाकले गेले पाहिजेत, पण पट्टी बोटांच्या मधल्या पेरापर्यंत जाता कामा नये. आता अंगठ्याच्या बुडाकडून निघून करंगळी आणि अनामिका यांच्या फटीतून पट्टी काढा, परत मनगटाकडे आणा. तसंच पुढच्या दोन फटींतून. अंगठ्याला एक पूर्ण वेढा देऊन त्याला हाताशी बांधून घ्या. उरलेल्या पट्टीतले दोन वेढे पुन्हा सांध्यांवर, बाकी सगळी मनगटावर, आणि वेल्क्रो.

मूठ वळल्यावर पट्टी घट्ट वाटली पाहिजे, हात उघडल्यावर सैल. नख दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. बोटं गार पडली, मुंग्या आल्या, म्हणजे बांधताना बोटं मिटलेली होती. सोडा आणि पुन्हा बांधा. सांध्यांवरची कातडी सोलली जात असेल तर वेढ्यांना सुरकुती पडलीय किंवा ते सैल आहेत. हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मारल्यावर मनगट आत वाकत असेल तर मनगटावर पट्टी कमी पडली.

ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर बसला पाहिजे. दमल्यावर कोपर वर उचलून फिरवलेला हुक करंगळीच्या बाजूने बसतो आणि तिथलं तळहाताचं हाड मोडतं. या दुखापतीला बॉक्सरचंच नाव पडलंय, पण ती होते कच्च्या तंत्रामुळे. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर "मुरगळलंय" म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा. तिथलं छोटं हाड मोडलं तरी सूज फारशी येत नाही आणि दुर्लक्ष झालं तर ते लवकर जुळत नाही.

ओल

ग्लोव्ह्ज घामाने आतून भिजतात. साताऱ्यात खिडकीत ठेवले की दुपारपर्यंत कोरडे. शेफिल्डच्या खोलीत नोव्हेंबरमध्ये तेच ग्लोव्ह्ज तिसऱ्या दिवशीही दमट, आणि महिन्याभरात आत बुरशी. मग वास येतो, नखांभोवती खाज सुटते. सराव संपला की लगेच बॅगेतून बाहेर काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा, वर्तमानपत्राचे बोळे बोटांच्या टोकापर्यंत कोंबा. दोन तासांनी ओले बोळे काढून नवे घाला आणि तोंड उघडं ठेवून टांगा. हीटरवर ठेवू नका. कातडं तडकतं आणि आतला फोम कडक होतो. बँडेज रोज धुवा, जाळीच्या पिशवीत घालून, नाहीतर मशीनमध्ये सगळ्या कपड्यांना गाठी पडतात.

स्पारिंग आणि डोक्याचा मार

केसांचा अंबाडा डोक्यावर बांधला की हेडगार्ड मागून वर सरकतो आणि पुढून डोळ्यांवर येतो. दोन घट्ट वेण्या, मानेच्या खाली, टोकाला कापडी रबर. धातूची पिन किंवा क्लिप अजिबात नको.

स्पारिंगआधी समोरच्या मुलीशी आणि कोचशी बोलून ठरवा: आज फक्त जॅब, की फक्त पोटावर, की मोकळं, आणि जोर किती. नव्या क्लबमध्ये पहिली चार-पाच स्पारिंग ठरवून केलेलीच असावीत. कोणी जास्त जोर लावला तर हात वर करून एक पाऊल मागे या आणि सांगा. भाषेची भीड धरू नका. "लाइटर, प्लीज" एवढं पुरतं. पंचाचे तीन शब्द जगभर सारखे: बॉक्स, स्टॉप, ब्रेक. ब्रेकवर आधी एक पाऊल मागे, मगच ठोसा. ही सवय सरावातच लागली पाहिजे.

डोक्याला मार बसल्यावर डोकं दुखणं, मळमळ, धूसर दिसणं, प्रकाश नकोसा वाटणं, गोष्टी विसरणं, उगीच रडू येणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशीचा सराव संपला. ब्रिटनच्या 2023 च्या हौशी खेळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनेनुसार पहिले 24 ते 48 तास विश्रांती, नंतर पायरीपायरीने सुरुवात, आणि 21 दिवसांच्या आत स्पर्धा नाही. बॉक्सिंगमध्ये डोक्याच्या माराने लढत थांबवली गेली तर सक्तीची विश्रांती त्याहून मोठी असते, स्पारिंगसकट. त्या रात्री खोलीत एकटं झोपू नका, शेजारच्या मुलीला सांगून ठेवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, बोलताना जीभ अडखळणं असं झालं तर 999 ला फोन करा. तातडीचं नसेल पण सल्ला हवा असेल तर 111. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे (सरकारी आरोग्यसेवेतल्या स्थानिक डॉक्टरकडे) नाव नोंदवून ठेवलं असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

जेवण, वजन, पाळी

रोज सराव करणाऱ्या मुलीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 54 किलोच्या मुलीला 86 ते 108 ग्रॅम. वरण-भात आणि चहा-बिस्किटांवर ते होत नाही. सकाळी तीन अंडी आणि दुधातले ओट्स, दुपारी 80 ग्रॅम कच्च्या मटकीची उसळ आणि भात, सरावानंतर 200 ग्रॅम घट्ट दही, रात्री चिकन किंवा टोफू, इतकं झालं की हिशेब जुळतो. मटकी, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आशियाई किराणा दुकानांत मिळतात. रविवारी दोन तास देऊन मटकी भिजत घाला, डाळ शिजवून डब्यांत भरून फ्रीझ करा. सहा वाजता सराव असेल तर चारला खा. उपाशी पोटी स्पारिंग केलं की तिसऱ्या फेरीत हात खाली येतात.

जेवणाबरोबर चहा घेऊ नका, एक तास मागे-पुढे घ्या. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि पाळी येणाऱ्या, रोज पळणाऱ्या मुलींत लोह आधीच कमी असतं. उसळीवर लिंबू पिळा. दम लवकर लागतो, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. ऑक्टोबर ते मार्च रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या असा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे. सावळ्या रंगाच्या लोकांनी ते वर्षभर घ्यावं असंही ते सांगतात.

वजन आठवड्यातून तीनदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी बघा आणि सरासरी धरा. वजनगट गाठायचा असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नका. प्लॅस्टिकचा सूट घालून पळणं, पाणी बंद करणं, थुंकत बसणं, हे सगळं जुनं आणि घातक आहे. 54 मध्ये बसायला तीन किलो पाणी काढावं लागत असेल तर तुमचा गट 57 आहे.

पाळीची तारीख सरावाच्या वहीतच लिहा. पाळीच्या दिवसांत सराव करायला हरकत नाही. दुखत असेल तर स्पारिंगऐवजी पॅड आणि शॅडो. पण पाळी तीन महिने आली नाही तर ती चांगली गोष्ट समजू नका. सरावात खर्च होणाऱ्या ताकदीच्या मानाने जेवण कमी पडतंय याची ती मोठी खूण आहे, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरकडे जा आणि बॉक्सर आहात हे आवर्जून सांगा.

औषधांबाबत सावध

नाक चोंदल्यावर तिकडच्या दुकानात सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ठराविक मर्यादेपलीकडे ते स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. पाणी काढणाऱ्या गोळ्या कायमच प्रतिबंधित. घरून येणाऱ्या पुड्यांचंही तेच. काही आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधांत कुचला असतो, त्यातलं स्ट्रिकनिन प्रतिबंधित यादीत आहे. कुठलीही गोळी घेण्याआधी ग्लोबल डीआरओ या संकेतस्थळावर, देश युनायटेड किंग्डम निवडून, तिचं नाव तपासा. आयुर्वेदिक औषधांचं उत्तर तिथे मिळत नाही, म्हणून स्पर्धा खेळणार असाल तर ती टाळाच. प्रथिनांची पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर इन्फॉर्म्ड स्पोर्टचं (प्रतिबंधित घटकांसाठी तपासणी झाल्याचं) चिन्ह पाहून आणि त्या डब्याचा बॅच नंबर जुळवून घ्या.

सुट्टीचा दिवस

रविवार पूर्ण मोकळा ठेवा आणि खोलीत बसू नका. शेफिल्ड स्टेशनवरून होप व्हॅलीची गाडी पकडली की अर्ध्या-पाऊण तासात ईडेल. इथे पीक डिस्ट्रिक्ट, 1951 साली झालेलं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. ईडेलहून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढा आणि कड्यावरून मॅम टॉरच्या माथ्यावर, 517 मीटर. गावातून अजिंक्यतारा चढायला जेवढा चढ, साधारण तेवढाच. जाऊन-येऊन तीन तास. माथ्यावर वारा इतका असतो की उन्हाळ्यातही विंडचीटर लागतो. लढतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र हा चढ नको, उतरताना मांड्या भरतात.

लीड्सला गेलात तर शहराच्या मध्यावर, कुकरिज स्ट्रीटवर सोनेरी रंगाची टपालपेटी आहे. महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते 2012 ला लंडनमध्ये, आणि त्यातलं पहिलं सुवर्ण लीड्सच्या निकोला ॲडम्सने जिंकलं; ही पेटी त्याच्याच सन्मानार्थ सोनेरी रंगवलेली. त्याच स्पर्धेत, त्याच वजनगटात मेरी कोमचं कांस्य. त्या पेटीसमोर एक फोटो काढाच. इंग्लंडमध्येही महिलांच्या हौशी बॉक्सिंगवर 1996 पर्यंत बंदी होती, हे आठवलं की त्या रंगाचं मोल कळतं. लंडनला बेथनल ग्रीनमधला यॉर्क हॉल पाहा. आपला सांगलीचा आयर्विन पूल ज्या साली खुला झाला त्याच 1929 सालचा हा हॉल, अजूनही बॉक्सिंगचं घर आहे. लढतीचं साधं तिकीट काढून वरच्या सज्जात बसा आणि फक्त पाय बघा. रेल्वेचं 16 ते 25 वयाचं कार्ड काढलं की बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. पूर्णवेळ विद्यार्थिनीला पंचविशीनंतरही ते काढता येतं.

गावाकडच्या मैत्रिणींशी सरावाची देवाणघेवाण

एकटीने सराव टिकत नाही. इथल्या तालमीतल्या चार-सहा मुलींचा छोटा गट ठेवा, साठ जणींचा नको. वेळ ठरवून घ्या. तिकडे शनिवारी सकाळी साडेदहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन किंवा चार, दोघींना सोयीचं. आठवड्याला प्रत्येकीने एकच व्हिडिओ टाकायचा, तीस सेकंदांचा, बाजूने, कमरेच्या उंचीवरून काढलेला, पाय दिसतील असा. त्यावर बोलताना आधी नेमकं काय चांगलं झालं ते: "जॅबनंतर डावा हात सरळ हनुवटीला परत आला." मग एकच दुरुस्ती: "उजवी टाच जमिनीला टेकलेली राहते, म्हणून क्रॉस पोहोचत नाही." (क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा.) नुसतं "भारी", "वाघीण" लिहून धीर येतो, पण हात सुधारत नाही. दोन्ही लिहा. दिसण्यावर, रंगावर, वजनावर कोणी बोलायचं नाही. पुढच्या आठवड्यात तीच दुरुस्ती झाली का ते विचारणं हे सगळ्यात मोठं प्रोत्साहन.

तिकडच्या क्लबमध्ये व्हिडिओ काढण्याआधी कोचला विचारा. चौकटीत लहान मुलं येऊ देऊ नका, त्याबाबत नियम कडक असतात. आणि डोळा काळा-निळा झाला असेल तर घरी फोटो पाठवण्याआधी फोन करा. आईला आधी तुमचा आवाज ऐकू द्या, मग फोटो. दर आठवड्याला सरावाचं थोडं थोडं सांगत राहिलात तर घरच्यांना खेळ कळत जातो आणि पहिल्या लढतीला ते विरोध करत नाहीत. साताऱ्याच्या ललिता बाबर आणि अदिती स्वामी, सांगलीची स्मृती मानधना ही नावं आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहेत. मुलीच्या खेळाबद्दल बोलायला ती उपयोगी पडतात.

पहिली लढत

तीन महिने सराव खंड न पडता झाला, हात दुखत नाहीत आणि कोच स्वतःहून म्हणाला तरच. क्लबमार्फत नोंदणी आणि डॉक्टरची तपासणी आधी पूर्ण करावी लागते, तिला काही आठवडे धरा. महिलांना गरोदर नसल्याचं लेखी निवेदन द्यावं लागतं, ते नेहमीचंच आहे, गोंधळू नका. नवख्यांच्या फेऱ्या एलिट (सर्वात वरच्या) पातळीच्या 3 मिनिटांपेक्षा छोट्या असतात. ग्लोव्ह्ज आयोजक देतात, सहसा 10 औंसाचे. सरावातल्या 16 औंसांनंतर हात हलके वाटतात आणि मुली पहिल्याच मिनिटात सगळा दम संपवतात. आधीच्या दोन आठवड्यांत पॅडवर 10 औंस घालून पाहा.

लढतीनंतर डॉक्टर तपासतो. डोकं दुखत असेल तर त्याला तिथेच सांगा, जिंकला असलात तरी. त्या रात्री मैत्रिणीकडे राहा. दुसऱ्या दिवशी फक्त चालणं, तिसऱ्या दिवशी हलका शॅडो. हात सुजला असेल तर आठवडाभर बॅगला हात लावायचा नाही, तोवर दोरी आणि पायांचं काम.